मान राखून सांगतो

टेलिफोन घरात आला त्या दिवशी बायकोनं, यमुनेनं, त्याला हळदकुंकू लावलं आणि मी अंगात शर्ट घालून त्याच्यासमोर बसलो. बनियनवर टेलिफोनशी बोलणं मला बरं दिसेना. पलीकडच्याला आपण दिसत नाही हे मला माहीत होतं. रामनगरच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे मी, अगदीच अडाणी नव्हे. पण आपल्याला तरी ठाऊक असतं ना, आपण बनियनवर आहोत ते!

शेजारचा म्हादूशेठ आपलं किराणा दुकान उघडं टाकून सल्ला द्यायला आला. "सेक्रेटरी, फोन जरा उंचावर ठेवा की ओ. खाली ठेवला की आवाज भुईत मुरतोय." त्याच्याकडं फोन माझ्या आधी आलेला, त्यामुळं तो त्या विषयातला जाणकार. मी फोन कपाटावर ठेवला. पुढचे कितीतरी दिवस महत्त्वाची सगळी बोलणी मी स्टुलावर उभा राहून केली, आणि एकदा गाणं ऐकता ऐकता मान डोलावली तेव्हा स्टुलासकट खाली आलो. तेव्हापासून फोन टेबलावर आहे आणि आवाज भुईत वगैरे काही मुरत नाही.

पण आमच्या टेलिफोनची खरी गंमत निराळीच. अठ्ठ्याऐंशी साल असावं. तार एक आणि घरं चार! रामनगरात मी आणि म्हादूशेठ, जंगलात बाजारकुणंगकडं लाकूड डेपोचा राखणदार झिलू, आणि तारेच्या पार शेवटाला गणेशगुडीच्या धरण कॉलनीतले स्टोअरकीपर कृष्णाजीराव. प्रत्येकाची घंटी वेगळी. माझी दोन लांब, एक आखूड. दुसऱ्याची घंटी वाजली तर आपण उचलायचं नाही, असा नियम. हा नियम चौघांनाही तोंडपाठ होता आणि घंटी कुणाचीही वाजो, चौघेही उचलत होतो. खट्, खट्, खट् असा आवाज झाला की समजावं, सभा भरली.

दिवे लागले की कृष्णाजीराव आपला रिसीव्हर टेपरेकॉर्डरपुढं धरायचे. त्यांच्याकडं एक कॅसेट होती. त्यांच्या धाकट्या भावाच्या लग्नात बेळगावचा लाल कोटवाला बँड आला होता, तो अख्खा त्यात भरलेला. मधेमधे "भात वाढा, भात!" असंही ऐकू यायचं. कॅसेट संपली की कृष्णाजीराव विचारायचे, "कसं वाटलं?"

आता मी पडलो सनई आणि अभंगाचा माणूस. घरात पेटी आहे. शनिवारी मारुतीच्या देवळात मी अभंग म्हणायला लागलो की लोक डोळे मिटून घेतात. यमुना म्हणते, झोपतात. असो. म्हादूशेठला सिनेमाच्या गाण्यांच्या कॅसेटी आणि त्यासुद्धा मोठ्या कर्ण्यावर लागत. झिलूचा जीव गुमटावर. गुमट म्हणजे मातीच्या मडक्याला कातडं ताणून केलेलं वाद्य. ते काखेत धरून झिलू वाजवायला लागला की तारेवरून नुसतं घुमायचं. चार घरं, चार आवडी. भांडण न होतं तरच नवल.

एके दिवशी म्हादूशेठ म्हणाला, "झिलू, ते मडकं बडवायचं थांबीव, दुकानातलं गिऱ्हाईक बिचकायलंय." झिलू म्हणाला, "तुज्या कॅसेटी वाजल्यार माजी म्हस दूद दीना!" म्हादूशेठ म्हणाला, दुकानावर ये, दाखवतो. झिलू म्हणाला, कोयता घेऊनच येतो. बाजारकुणंगहून रामनगरला यायला तेव्हा बस मिळायची मारामार, म्हणून त्या दिवशी रक्तपात टळला.

पण मी सेक्रेटरी माणूस. सोसायटीच्या सभेत खुर्च्या उडताना पाहिलेल्या. मी दुसऱ्या दिवशी घंटी मारून सगळ्यांना गोळा केलं आणि ठराव मांडला. "आवडीनिवडी वेगळ्या असणारच. मतभेद चालतील, पण मान राखून. ज्याला दुसऱ्याच्या संगीताबद्दल वाकडं बोलायचं असेल त्यानं आधी 'मान राखून सांगतो' असं म्हणायचं आणि मग बोलायचं."

ठराव सगळ्यांना मनापासून पटला. इतका पटला की त्या दिवसापासून जे जे पोटात होतं ते ते बाहेर पडायला लागलं. "मान राखून सांगतो सेक्रेटरी, तुमच्या पेटीचा भाता उंदरानं खाल्लाय." "मान राखून सांगतो म्हादूशेठ, तुझ्या कर्ण्यापेक्षा आमच्या सोसायटीच्या गिरणीचा पट्टा सुरात फिरतोय." कुणाला राग म्हणून येईना. अशी सभ्य सभा साऱ्या जोयडा तालुक्यात दुसरी नसेल, असं मी यमुनेला सांगत असे.

"सभ्य व्हय?" यमुना म्हणायची. "पोळ्या करपायल्या हितं. मान राखून सांगते, उठा."

आणि याच तारेवरून माझ्या मुलीला स्थळ आलं. मी सोसायटीत असताना कमलनं फोन घेतला, "बाबा न्हाईत, काय निरोप सांगू?" एवढंच म्हणाली. त्या आवाजावर कृष्णाजीराव खूश. त्यांचा वासू पॉवरहाऊसमध्ये इलेक्ट्रिशियन. पोरगा बघायला आला, चहाचा कप हातात घेऊन कमलकडं बघत राहिला आणि चहा बशीत न ओतता पँटीवर ओतला. मला जावई तिथंच पसंत पडला. कमलचं म्हणाल, तर वासूचं नाव निघालं की ती घागर घेऊन पाण्याला जायची. आमच्या घरात नळ आहे.

सुपारी फुटली, तारीख धरली. लग्न रामनगरात, आमच्या दारात. आणि मग एक बारकासा प्रश्न उरला. नवरदेव मारुतीच्या देवळातून मांडवात येताना पुढं काय वाजवायचं?

कृष्णाजीराव म्हणाले बँड. मी म्हणालो सनई-चौघडा. खट्, खट्. म्हादूशेठ म्हणाला, "माझा कर्णा फुकट देतो." झिलू म्हणाला, "गुमटाबगर लगीन म्हंजे मिठाबगर पेज." रोज संध्याकाळी हाच विषय. सगळं मान राखून, पण आवाज चढत चाललेला.

आणि एका संध्याकाळी घात झाला. कृष्णाजीराव म्हणाले, "मान राखून सांगतो सेक्रेटरी, सनई ऐकली की मला पोरगी सासरला निघाल्यावर रडतंय कोणतरी, तसं वाटतंय."

"अहो, लग्नात पोरगी सासरलाच निघते!" मी म्हणालो, आणि त्याच रागात पुढं बोलून गेलो, "आणि तुमचा बँड म्हणजे सर्कशीच्या हत्तीची वरात!"



"सेक्रेटरी," झिलू हळूच म्हणाला, "मान राखचो ऱ्हायलो."

"मागनं लावा की ओ," म्हादूशेठनं सुचवलं. "चालतंय मागनं लावलं तर."

"मागनं कसा चालता? आदी लावचो, मगीर बोलचा!"

दोघांचा वाद चालू असतानाच तिकडं गणेशगुडीला रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. खट्. तसला खट् मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

चार दिवसांत बसच्या कंडक्टरकडून बोलणं कानावर आलं. कृष्णाजीराव स्टँडवर म्हणाले होते, "आमची वरात ज्यांना सर्कस वाटते, त्यांच्या मांडवात आमच्या पोरानं कसं जायचं?" मी ते घरी सांगितलं. कमल घागर घेऊन उठली, दारापर्यंत गेली आणि घागर तिथंच ठेवून आत येऊन बसली. एका वाक्यापायी पोरीचं ठरलेलं लग्न मोडायची पाळी आणली होती मी, आणि तेसुद्धा माझाच ठराव मोडून!

मी फोन उचलला. माफी मागायची, अगदी स्टुलावर उभं राहून मागायची. पण फोनमध्ये कसलाच आवाज नाही. जगलबेटच्या पुढं कुठंतरी तारेवर झाड पडलं होतं.

टेलिफोन ऑफिसात गेलो. तिथला माणूस म्हणाला, "तक्रार फोनवरून नोंदवायची असती."

"फोनच बंद आहे."

"मग चालू झाला की नोंदवा."

लाईनमनला गाठलं. तो म्हणाला, तार आमची पण झाड फॉरेस्टचं. आम्ही फांदीला कोयता लावला तर आमच्यावरच केस. फॉरेस्टच्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, झाड आमचं खरं, पण ते पडलंय तुमच्या तारेवर. जमिनीवर पडेल तेव्हा आम्ही बघू. झाड बिचारं दोन खात्यांच्या मधे लोंबकळत राहिलं. म्हादूशेठनं सल्ला दिला, "सेक्रेटरी, बसनं जावा की गणेशगुडीला." मला ते सुचलं नव्हतं असं नाही. पण तोंडासमोर उभं राहून माफी मागायची म्हणजे काय हे ज्याचं त्यालाच कळतं. पाय बसच्या पायरीपर्यंत गेले आणि परत आले.

यमुना म्हणाली, "बोलून घाण केलीसा. आता बोलू नका, करून दाखवा."

अगदी बरोबर! मी दुसऱ्याच दिवशी बेळगाव गाठलं आणि त्याच लाल कोटवाल्या बँडाला विसार दिला. कृष्णाजीरावांना कळवायचं नाही. ते मारुतीच्या देवळातून बाहेर पडतील आणि समोर त्यांचा बँड! माफी आपोआप वाजेल. बँडमास्तरनं नमुना म्हणून गल्लीतच एक गत वाजवून दाखवली. ती चालू असताना सहज खाली बघितलं तर माझा उजवा पाय ताल धरत होता. मी त्याच्याकडं रागानं पाहिलं, तरी ऐकेना.

गणेशगुडीला म्हादूशेठच्या ट्रकवाल्याबरोबर निरोप धाडला. "झालं गेलं विसरा. वाजायचं ते तुमच्या मनासारखं वाजेल. लग्नाला या." ट्रकवाला परत आला तो उलट निरोप घेऊन. "येतो. वाजायची काळजी तुम्ही करू नका." मला वाटलं, बिचारे अजून घुश्शातच आहेत. कमलनं मात्र तो निरोप ट्रकवाल्याकडून दोनदा वदवून घेतला आणि मगच जेवली.

लग्नाचा दिवस. अक्षता बाराला. आमचं गाव बेळगाव-गोवा रस्त्यावर. देवळातून मांडवात यायचं तर हाच हमरस्ता. मी फेटा बांधून देवळासमोर उभा, मागं लाल कोट, पितळी कर्णे उन्हात चमकतायत. छाती भरून आली होती. देवळाचं दार उघडलं. मुंडावळ्या बांधलेला वासू बाहेर आला, मागून कृष्णाजीराव. आणि त्यांच्या मागून सनई आणि चौघडा घेतलेली खानापूरची मंडळी!

कृष्णाजीराव माझ्या बँडाकडं बघायला लागले, मी त्यांच्या सनईकडं. त्या माणसानं माझ्यासाठी खानापूर गाठून सनई ठरवली होती हो! "व्याही!" ते म्हणाले. "व्याही!" मी म्हणालो. इथंपर्यंत सगळं इतकं सुंदर झालं होतं की पुढं काहीही झालं नसतं तर बरं झालं असतं.

"आता आधी तुमची सनई," कृष्णाजीराव म्हणाले.

"छे छे. मान तुमचा. आधी बँड."

"मुलीकडचा मान मोठा."

"मान राखून सांगतो, असं कुठल्या गावात नसतं!"

आम्ही दोघं एकमेकांचा मान राखत उभे राहिलो. बँडवाले ओठ कर्ण्याला लावून थांबलेले, सनईवाला श्वास भरून थांबलेला. वासू उन्हात. मुंडावळ्यांतून घाम गळायला लागला. रस्त्यावर गोव्याचे ट्रक एका बाजूला, बेळगावचे दुसऱ्या बाजूला खोळंबले आणि हॉर्न वाजवायला लागले. त्या क्षणी आमच्या वरातीत वाजत होतं ते तेवढंच. म्हादूशेठनं संधी साधली. कर्ण्याला कॅसेट लावून खटका दाबला, आणि करंट गेला. धरण आमच्या तालुक्यात, वीज कुठल्या गावाला जाते देव जाणे!

भटजी मांडवातून धावत आले. "अक्षतेची वेळ टळायली! वाजवा कायतरी!"

बँडमास्तर शहाणा माणूस. तो सनईवाल्याजवळ गेला. "दोघांनी मिळून वाजवूया. तुम्हाला काय येतंय?" सनईवाल्याला बँडाच्या गती येत नव्हत्या, बँडाला सनईच्या चिजा येत नव्हत्या. दोघांनाही येत होती अशी एकच गोष्ट निघाली. गणपतीची आरती.

"मगीर गुमट पायजेच!" गर्दीतून झिलू ओरडला. आदल्या दिवशीच बाजारकुणंगहून येऊन, गुमट काखेत मारून तो सकाळपासून तयार उभा होता. "आरती आनी गुमटाबगर?"

आणि सुरू झाली. खरं सांगतो, तसलं संगीत मी जन्मात ऐकलं नाही. वर सनई, खाली पितळ, मधे झिलूचं गुमट घुमतंय. वीज नसल्यानं म्हादूशेठ स्वतःच कर्णा झाला. पण आरती म्हटल्यावर आपल्या लोकांचं काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. वरात जागच्या जागी थांबली. चपला निघाल्या, हात जोडले गेले, टाळ्यांचा ताल सुरू झाला. ट्रकवाले खाली उतरून टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी तबकात कापूर पेटवून आणला आणि ओवाळायला दुसरं कोणी दिसेना म्हणून वासूला ओवाळायला लागलं.

पहिली आरती संपली. आता चालावं, तर गणेशगुडीच्या पाहुण्यांनी देवीची सुरू केली. ती संपतेय तोवर आमच्याकडच्या पाहुण्यांनी शंकराची. झिलूबरोबर आलेल्या मंडळींनी आपली कोकणीतली. एका ट्रकवाल्यानं डोळे मिटून कानडीत सुरू केली. चालू आरती थांबवायची कुणी? देवापुढं कोण तोंड उघडणार? भटजी हातातलं घड्याळ सगळ्यांना दाखवत फिरत होते आणि लोक त्या घड्याळालाही नमस्कार करत होते.

आणि मला घाम फुटला. एका वाक्यानं मोडता मोडता राहिलेलं लग्न आता आरत्यांच्या पायी टळणार! मी कृष्णाजीरावांचा हात धरला.

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी गलका झाला. नवरी बाहेर आली होती! शालू, मुंडावळ्या, हातभर हिरवा चुडा, मागनं यमुना "अगं, अगं" करत धावतेय. कमल तडक रस्त्यावर आली. तिनं माझ्याकडं पाहिलं, कृष्णाजीरावांकडं पाहिलं, हात जोडले, आणि ट्रकवाल्यानं श्वास घ्यायला जी फट सोडली त्या फटीत खणखणीत आवाजात पुष्पांजलीचा मंत्र सुरू केला.

वा रे माझी वाघीण! पुष्पांजली सुरू झाली की आरत्या संपल्या; त्यानंतर कुणालाही नवी आरती काढता येत नाही, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालासुद्धा ठाऊक. सगळ्यांनी मुकाट्यानं मंत्र धरला. फक्त एक गडबड झाली. पुष्पांजली संपताना हातात जे असेल ते वाहायचं असतं, आणि कमलच्या मागोमाग मांडवातून आलेल्या सगळ्या वऱ्हाडाच्या हातात होत्या अक्षता. पुढं उभे होतो मी आणि कृष्णाजीराव, हातात हात घालून. धो धो अक्षता पडल्या आमच्यावर! पहिलं लग्न त्या दिवशी आम्हा दोघा व्याह्यांचं लागलं.

"अहो, त्या लग्नाच्या होत्या!" भटजी ओरडले. मग म्हादूशेठनं दुकानातलं तांदळाचं पोतंच मांडवात आणून फोडलं आणि वेळ अगदी टळता टळता कमल-वासूचंही लागलं.

संध्याकाळी पोरगी गणेशगुडीला निघाली. बँडानं आपणहून वाद्यं खाली ठेवली आणि सनईवाल्याला पुढं केलं. कृष्णाजीराव रुमालानं डोळे पुसत माझ्या कानाशी म्हणाले, "व्याही, ह्या वेळेला मात्र सनईच पायजे."

घर सुनं झालं. पाण्याची घागर दाराशी पालथी पडून होती. ते झाड एकदाचं आपल्या वजनानंच जमिनीवर पडलं, फॉरेस्टच्या लोकांनी उचललं, तार जोडली गेली. आणि एका संध्याकाळी घंटी वाजली. दोन लांब, एक आखूड. मी शर्ट घालायचाही विसरलो.

"बाबा!" कमल होती. खट्, खट्, म्हादूशेठ आणि झिलूही आले. "बाबा, ऐका हं. मामंजी तुमच्यासाठी शिकायल्यात," असं म्हणून तिनं रिसीव्हर तिकडं धरला.

कृष्णाजीराव अभंग गात होते. पेटी वासू वाजवत होता आणि पॉवरहाऊसचा माणूस पेटी जशी वाजवेल तशी वाजवत होता. सूर एकीकडं, ताल दुसरीकडं, शब्द तिसरीकडंच. तरी माणूस शेवटपर्यंत गायला, एक कडवं सोडलं नाही. मग धापा टाकत त्यांनी विचारलं, "कसं वाटलं, व्याही?"

मी तोंड उघडलं. "मान राखून..."

"बाबा," कमल घाईघाईनं फोनमध्ये पुटपुटली, "मला हितं ऱ्हायाचं हाय."

बनियनवर उभा होतो, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू आवरत नव्हतं. मी छाती भरून ओरडलो, "वा! वा, व्याही, वा!"

"वा!" म्हादूशेठ ओरडला.

"वा रे वा!" झिलू ओरडला, आणि त्यानं गुमटावर थाप मारली.

"पुन्हा म्हणू?" कृष्णाजीरावांनी विचारलं.

"म्हणा की!" मी म्हणालो, स्टूल पुढं ओढलं आणि त्यावर बसलो.